कर्ट कोबेन : गोंगाटातली चाल

'निर्वाण' हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. विझणे, शांत होणे, तृष्णेच्या फेऱ्यातून सुटणे असे सारे अर्थ या एका शब्दाने पोटात घेतले आहेत. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील एका पावसाळी गावात वाढलेल्या तरुणाने १९८८ मध्ये हा शब्द आपल्या बँडसाठी उचलला, तेव्हा त्याचे वय होते अवघे एकवीस. त्या काळी पंक बँडची नावे अंगावर धावून येणारी, बहुधा शिवराळ असत. आपल्या बँडचे नाव मात्र सुंदर असावे, अशी त्याची इच्छा होती. बँडचे संगीत तेव्हा कमालीचे कर्कश होते. कर्कश संगीत आणि सुंदर नाव, ही विसंगती वरवरची वाटेल. पण कर्ट कोबेनच्या साऱ्या कारकिर्दीचे मर्म तिच्यातच सापडते. त्याच्या गोंगाटाच्या पोटात नेहमी एक साधी, गुणगुणता येईल अशी चाल असे. त्या चालीवर गोंगाटाचा पेहराव किती आणि कसा चढवायचा, हा प्रश्न 'निर्वाना'ने आपल्या अल्पायुष्यात दर वेळी निराळ्या रीतीने सोडवला. आणि दर वेळी त्या उत्तरामागे आणखी एक प्रश्न उभा होता : हे ऐकणार कोण?

कर्टचा जन्म २० फेब्रुवारी १९६७ चा, वॉशिंग्टन राज्यातील ॲबर्डीनचा. जंगलतोड आणि लाकडाच्या गिरण्यांवर जगणारे हे गाव. कर्ट मोठा होत गेला तसतसा तो धंदा आटत गेला आणि गावावर उदासीची कळा आली. वडील मेकॅनिक, आई हॉटेलात वेट्रेस. घरात संगीताची आवड होती, मामाचा स्वतःचा बँड होता. लहानपणी कर्ट बीटल्सची गाणी गात असे आणि सतत चित्रे काढत असे. तो नऊ वर्षांचा असताना, १९७६ मध्ये, आई-वडिलांचा घटस्फोट झाला. त्यानंतर कधी आईकडे, कधी वडिलांकडे, कधी नातेवाइकांकडे अशी त्याची फरफट सुरू झाली. खेळकर पोर अबोल झाले. चौदाव्या वाढदिवसाला मामाने सायकल की गिटार असे विचारले, तेव्हा त्याने गिटार मागितली. शिक्षण पदवीदानाच्या उंबरठ्यावर असताना त्याने सोडले आणि काही काळ शाळेतच सफाईचे काम केले.

ॲबर्डीनजवळच 'मेल्व्हिन्स' नावाचा एक बँड तालमी करीत असे. पंक संगीताचा संताप आणि हेवी मेटलचा जडपणा एकत्र करून ही मंडळी गाण्याची लय मुद्दाम संथ, जवळजवळ चिखलातून चालल्यासारखी ठेवत. कर्ट या तालमींना पडीक असे. बँडचा म्होरक्या बझ ऑसबॉर्न हा त्याचा पहिला संगीतगुरू म्हणावा लागेल. याच वर्तुळात त्याला क्रिस्ट नोव्होसेलिक भेटला. क्रोएशियन आई-वडिलांचा हा उंचापुरा मुलगा बेस गिटार वाजवी. १९८७ मध्ये दोघांनी बँड उभारला. ड्रमवादक येत-जात राहिले, बँडची नावेही बदलत राहिली आणि अखेर 'निर्वाना'वर मुक्काम झाला.

१९८७ मध्येच कर्ट ऑलिंपिया या गावी राहायला गेला. ॲबर्डीनपासून तासाभराच्या अंतरावरचे हे गाव वृत्तीने मात्र दुसऱ्या टोकाचे होते. तिथे एक पुरोगामी महाविद्यालय होते आणि 'के रेकॉर्ड्स' नावाची चिमुकली संगीत कंपनी होती. वाद्यावर प्रभुत्व नसले तरी चालेल, सांगण्यासारखे काही असावे. मर्दानी आव नको, गाण्यात निरागसपणा हवा, असा या मंडळींचा आग्रह असे. मुली इथे बँडच्या अग्रभागी असत. कर्टवर याचा एवढा प्रभाव पडला की, 'के रेकॉर्ड्स'चे बोधचिन्ह त्याने दंडाच्या खाली हातावर गोंदवून घेतले. एका कानात मेल्व्हिन्सचा जड गडगडाट आणि दुसऱ्या कानात ऑलिंपियाची बालसुलभ गाणी. शिवाय तळाशी बीटल्स. पुढे जे घडले ते या तिन्हींच्या ओढाताणीतून घडले.

२३ जानेवारी १९८८ रोजी सिएटलच्या 'रेसिप्रोकल रेकॉर्डिंग' या छोट्या स्टुडिओत बँडने दहा गाणी एका दिवसात ध्वनिमुद्रित केली. ध्वनिमुद्रक जॅक एंडिनो याला कर्टचा आवाज इतका भावला की, ती फीत त्याने 'सब पॉप' या स्थानिक कंपनीच्या चालकांपर्यंत पोहोचवली. त्यातूनच जून १९८९ मध्ये पहिला अल्बम आला, 'ब्लीच'. त्याच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च ६०६ डॉलर आणि १७ सेंट. अल्बमच्या वेष्टनावर तो सहाशे डॉलर असा छापलेला आहे. तेवढी रक्कमही बँडकडे नव्हती. जेसन एव्हरमन या गिटारवादकाने ती भरली. अल्बममध्ये एकही सूर न वाजवता त्याचे नाव श्रेयनामावलीत आले ते त्यामुळे.

'ब्लीच' आज ऐकताना जाणवतो तो त्याचा खर्ज. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा खाली उतरवलेल्या, आवाज मुद्दाम फाटलेला, शब्द बरेचसे ओरडण्यापुरते. सब पॉप कंपनीला आणि सिएटलच्या श्रोत्यांना त्या वेळी हेच हवे होते. 'ग्रंज' या नावाने पुढे जगभर गाजलेल्या संगीताचा हा साचा होता. पण या साऱ्या गदारोळात एक गाणे वेगळे निघाले. 'अबाउट अ गर्ल' हे सरळसरळ बीटल्सच्या वळणाचे प्रेमगीत. तेव्हाच्या मैत्रिणीसाठी केलेले. असे गाणे अल्बममध्ये घालावे की नाही, याची कर्टला धास्ती होती. आपला श्रोता याला हसेल, असे त्याला वाटे. गाणे अखेर अल्बममध्ये आले. चार वर्षांनंतर याच गाण्याने तो त्याच्या सर्वांत हळव्या मैफलीची सुरुवात करणार होता.

पुढच्या दोन वर्षांत दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे कर्टला 'पिक्सीज' या बॉस्टनच्या बँडच्या संगीतातून आपल्या कोड्याची किल्ली सापडली. अंतरा दबक्या आवाजात म्हणायचा आणि धृपदाला एकदम स्फोट करायचा, ही त्यांची रीत. चाल आणि गोंगाट यांपैकी एक निवडण्याची गरजच त्यात उरत नव्हती. दोघे आळीपाळीने येत आणि एकमेकांना उठाव देत. दुसरी गोष्ट म्हणजे सप्टेंबर १९९० मध्ये डेव्ह ग्रोल बँडमध्ये आला. वॉशिंग्टन डी. सी.च्या पंक बँडमध्ये घडलेला हा ड्रमवादक ताकदीने वाजवी, पण त्याच्या ठेक्यातही एक चाल असे. आता 'निर्वाना'च्या तिघांचा संच जमला.

'गेफेन' या बड्या कंपनीच्या 'डीजीसी' शाखेशी करार झाल्यावर मे आणि जून १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील 'साउंड सिटी' स्टुडिओत दुसरा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. निर्माता होता बुच विग. एकच ओळ दोनदा गाऊन दोन्ही आवाज एकमेकांवर बसवले की गायन भरदार होते, हे त्याला ठाऊक होते; पण कर्टला ती लबाडी वाटे. जॉन लेननही असेच करीत असे, हे विगने सांगितल्यावर त्याने माघार घेतली. शेवटचे मिश्रण अँडी वॉलेस याने केले आणि गोंगाटाला चकाकी आली. गिटार तेवढीच फाटकी, पण आता प्रत्येक वाद्य स्वच्छ वेगळे ऐकू येत होते.

२४ सप्टेंबर १९९१ रोजी 'नेव्हरमाइंड' बाजारात आला. अमेरिकेत त्याच्या पन्नास हजारांहूनही कमी प्रती काढल्या होत्या; कंपनीची अपेक्षा बेताचीच होती. पण 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' या पहिल्याच गाण्याने सगळी गणिते उलटवली. 'टीन स्पिरिट' हे दुर्गंधिनाशकाचे एक नाव. 'बिकिनी किल' बँडच्या कॅथलीन हॅना हिने कर्टच्या खोलीतील भिंतीवर चेष्टेने त्याला त्या अत्तराचा वास येतो असे लिहिले होते. हे विक्रीचे उत्पादन आहे याची कल्पना नसलेल्या कर्टला त्यात बंडाची घोषणा दिसली. चार स्वरमेळांची एक धून, अंतऱ्यात गिटारचे केवळ दोन सूर आणि धृपदाला कोसळणारी भिंत, एवढाच त्या गाण्याचा ऐवज. एमटीव्हीने ते उचलून धरले. ११ जानेवारी १९९२ च्या बिलबोर्ड यादीत 'नेव्हरमाइंड'ने मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला खाली सारून पहिले स्थान पटकावले. पुढे या अल्बमच्या जगभरात तीन कोटींहून अधिक प्रती खपल्या. १९९१ मध्येच सुरू झालेल्या स्टार टीव्हीच्या मोजक्या वाहिन्यांत एमटीव्ही होती; आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या केबलवाल्या घरांत कर्टचा चेहरा पोहोचला तो त्याच वाटेने.

महाविद्यालयांची नभोवाणी केंद्रे आणि चिमुकल्या संगीत कंपन्या यांच्या आधाराने जगणाऱ्या संगीताला तेव्हा 'अल्टरनेटिव्ह' म्हणत. मुख्य प्रवाहाला पर्याय, एवढाच त्याचा अर्थ. आता तो पर्यायच मुख्य प्रवाह होऊन बसला. कर्टची कोंडी सुरू झाली ती इथे. त्याला प्रसिद्धी नको होती, असे भाबडेपणाने म्हटले जाते. ते खरे नाही. आपली गाणी सर्वांनी ऐकावीत, ही ओढ नसती तर तो बड्या कंपनीकडे गेलाच नसता. पण यश आले आणि समोरच्या गर्दीत त्याला ॲबर्डीनचे तेच दांडगट चेहरे दिसू लागले, ज्यांच्यापासून तो आयुष्यभर पळत होता. 'इन ब्लूम' हे गाणे तर गाण्याचा अर्थ न कळता त्याच्याबरोबर गात सुटणाऱ्या श्रोत्यावरच होते आणि तसे श्रोते आता लाखोंनी तेही गाऊ लागले होते.

ही केवळ कलावंताची लहर नव्हती. 'नेव्हरमाइंड'मधील 'पॉली' हे गाणे एका अल्पवयीन मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खऱ्या घटनेवर बेतलेले आहे. अत्याचारी माणसाच्याच तोंडून, अत्यंत थंड सुरात ते गायले जाते आणि त्या थंडपणामुळेच अंगावर काटा येतो. असे गाणे गात दोन नराधमांनी एका मुलीवर बलात्कार केल्याची वार्ता कर्टच्या कानी आली. डिसेंबर १९९२ मध्ये निघालेल्या 'इन्सेस्टिसाइड' या संग्रहाच्या वेष्टनावरील मजकुरात त्याने या घटनेचा उल्लेख केला. जे वंशद्वेष करतात, समलिंगी व्यक्तींचा किंवा स्त्रियांचा तिरस्कार करतात, त्यांनी आमच्या कार्यक्रमाला येऊ नये आणि आमचे अल्बमही विकत घेऊ नयेत, असे त्याने तिथे बजावले. ज्याचे अल्बम कोट्यवधींनी खपतात, त्याने गिऱ्हाइकाला दुकानातून हाकलण्याचा हा प्रकार व्यापाराच्या इतिहासात विरळाच. एप्रिल १९९३ मध्ये बोस्नियातील बलात्कारपीडित स्त्रियांच्या मदतीसाठी बँडने सॅन फ्रान्सिस्कोजवळ कार्यक्रम केला, तोही याच भूमिकेतून.

दरम्यान त्याचे खासगी आयुष्य चव्हाट्यावर आले होते. पोटाच्या जुनाट दुखण्याने तो वर्षानुवर्षे हैराण होता आणि हेरॉइनच्या व्यसनाने त्याला ग्रासले होते. फेब्रुवारी १९९२ मध्ये गायिका कोर्टनी लव्हशी त्याचा विवाह झाला. ऑगस्टमध्ये मुलगी झाली. या दांपत्याच्या व्यसनाची चर्चा मासिकांतून रंगली आणि तान्ह्या मुलीच्या ताब्याचा प्रश्न थेट अधिकाऱ्यांपर्यंत गेला. तो मरणासन्न असल्याच्या वावड्या उठत असताना, ऑगस्ट १९९२ च्या अखेरीस इंग्लंडमधील रेडिंग महोत्सवात तो चाकांच्या खुर्चीतून, रुग्णालयाचा अंगरखा घालून रंगमंचावर आला आणि मग उठून त्याने अप्रतिम कार्यक्रम केला. त्याच्या ठायी असलेला हा खट्याळ विनोद पुढच्या काळात लोक विसरले.

'नेव्हरमाइंड'ची चकाकी त्याला आता सलू लागली होती. तिसऱ्या अल्बमसाठी त्याने स्टीव्ह अल्बिनी या ध्वनिमुद्रकाची निवड केली. 'पिक्सीज'चा 'सर्फर रोझा' अल्बम याच अल्बिनीने ध्वनिमुद्रित केला होता. हा माणूस तत्त्वाचा. विक्रीतला वाटा घेणे त्याला अनैतिक वाटे. त्याने ठरावीक एक लाख डॉलर घेतले आणि पुढच्या लाखोंच्या मानधनावर पाणी सोडले. फेब्रुवारी १९९३ मध्ये मिनेसोटातील बर्फाळ रानात, 'पॅकिडर्म' स्टुडिओत, दोन आठवड्यांत काम उरकले. खोलीभर ध्वनिग्राहक मांडून तिघांना एकत्र वाजवू द्यायचे आणि जे घडेल ते टिपायचे, ही अल्बिनीची पद्धत. ड्रमचा आवाज प्रत्यक्ष शेजारी बसल्यासारखा येतो. कर्टचा आवाज वाद्यांच्या गर्दीत अर्धा बुडालेला आहे.

कंपनीच्या मंडळींना हे ऐकून धक्का बसला. वृत्तपत्रांत वादंग माजले. अखेर 'हार्ट-शेप्ड बॉक्स' आणि 'ऑल अपॉलॉजीज' ही दोन गाणी स्कॉट लिट याच्याकडून पुन्हा मिश्रित करून घेण्यात आली. सप्टेंबर १९९३ मध्ये 'इन यूटेरो' प्रसिद्ध झाला आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेला. श्रोत्यांना पळवून लावण्यासाठी केलेला अल्बम, अशी त्याची ख्याती झाली. पण ती अर्धीच खरी आहे. कानठळ्या बसवणाऱ्या गाण्यांच्या शेजारीच तिथे 'डम' आणि 'ऑल अपॉलॉजीज' ही गाणी आहेत. त्यांत चेलो हे धीरगंभीर तंतुवाद्य आहे आणि चाल तर अंगाईच्या जवळ जाणारी आहे. गोंगाट अधिक उग्र झाला होता, हे खरे. पण शांत जागा अधिक शांत झाल्या होत्या, हेही तितकेच खरे. 'नेव्हरमाइंड'ने दोघांची गुळगुळीत मोट बांधली होती, ती कर्टने इथे सोडवली.

त्यातली शांत बाजू पूर्णांशाने प्रकटली ती १८ नोव्हेंबर १९९३ रोजी, न्यूयॉर्कमध्ये. एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड' या कार्यक्रमात नामवंत बँड आपली गाजलेली गाणी विजेच्या गिटारीविना सादर करीत. 'निर्वाना'ने गाजलेली गाणी बहुतेक टाळली. 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' तर वाजवलेच नाही. चौदा गाण्यांपैकी सहा दुसऱ्यांची होती. त्यांतली तीन 'मीट पपेट्स' या फारशा प्रसिद्ध नसलेल्या बँडची. त्या बँडचे दोघे भाऊ रंगमंचावर साथीला बसले. सुरुवात झाली 'अबाउट अ गर्ल'ने. ज्या गाण्याची कधीकाळी लाज वाटली होती, ते आता उघड्या अंगाने, कोणत्याही पेहरावाविना समोर आले आणि त्याला कोणीही हसले नाही. अखेरीस त्याने लेडबेली या कृष्णवर्णीय लोकगायकाने अजरामर केलेले एक जुने लोकगीत गायले. शेवटच्या कडव्यात आवाज चढतो, फाटतो आणि क्षणभर पूर्ण थांबतो. तिथे विजेची गिटार नव्हती, पण गोंगाटाचे सारे बळ एका मानवी गळ्यात उतरले होते. त्यानंतर आणखी एखादे गाणे गाण्याची विनंती झाली, ती त्याने नाकारली.

त्या रंगमंचावर कर्टच्या सांगण्यावरून लिली आणि मेणबत्त्या मांडल्या होत्या. पुढे घडलेल्या गोष्टींमुळे ती सजावट लोकांना अंत्यविधीसारखी दिसू लागली आणि साऱ्या मैफलीला निरोपाचा अर्थ चिकटला. हा अर्थ आपण मागाहून लावलेला आहे. त्या काळातील कर्ट पुढचा विचार करीत होता. 'आर. ई. एम.'च्या मायकेल स्टाइपबरोबर एकत्र काम करण्याची बोलणी चालली होती. जानेवारी १९९४ च्या अखेरीस सिएटलमध्ये बँडने नवे गाणे ध्वनिमुद्रितही केले. ही सारी एका संगीतकाराच्या नव्या वळणाची लक्षणे होती.

पण व्यसन आणि नैराश्य यांनी त्याला सवड दिली नाही. १ मार्च १९९४ रोजी म्युनिचमध्ये 'निर्वाना'चा शेवटचा कार्यक्रम झाला. ४ मार्चला रोममध्ये तो अत्यवस्थ अवस्थेत रुग्णालयात दाखल झाला. उपचारांचे प्रयत्न झाले, ते तोकडे पडले. ५ एप्रिल १९९४ रोजी सिएटलमधील राहत्या घरी त्याने आपले आयुष्य संपवले. वय होते सत्तावीस. मुलगी दोन वर्षांचीही नव्हती. दहा एप्रिलला सिएटलमध्ये हजारो तरुण त्याच्या स्मरणार्थ जमले.

त्याच्या मृत्यूभोवती पुढे एक धूसर वलय निर्माण झाले. अकाली मरण हीच जणू त्याच्या कलेची परिणती, असे चित्र रंगवले गेले. आजाराला आणि व्यसनाला असा शोभेचा साज चढवणे, हा त्या माणसावर आणि त्याच्या संगीतावरही अन्याय आहे. तो दुखण्यामुळे मोठा झाला नाही. दुखणे असूनही त्याने जे रचले, त्यामुळे मोठा झाला. नोव्हेंबर १९९४ मध्ये 'अनप्लग्ड'ची मैफल अल्बमरूपाने आली, पहिल्या क्रमांकावर गेली आणि १९९६ मध्ये तिला अल्टरनेटिव्ह संगीताचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. डेव्ह ग्रोलने 'फू फायटर्स' हा बँड काढून स्वतःची वाट चोखाळली. २०१४ मध्ये 'निर्वाना'ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. 'अनप्लग्ड'च्या रात्री वाजवलेली साधी गिटार जून २०२० मध्ये साठ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. सहाशे डॉलरमध्ये पहिला अल्बम करणाऱ्याला या आकड्याचे हसू आले असते.

ॲबर्डीनच्या वेशीवर आज त्याच्याच एका गाण्याचे नाव स्वागतफलकावर झळकते. जे गाव त्याला नकोसे होते, त्याने त्याला असे आपलेसे केले. आपले गाणे कोण ऐकणार, हा त्याचा प्रश्न अनुत्तरित राहिला. गाणे एकदा हवेत सोडल्यावर श्रोता निवडता येत नाही, हे कोणत्याही कलावंताला चुकलेले नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याने देऊन ठेवले आहे. 'ब्लीच'मधील 'अबाउट अ गर्ल' आणि चार वर्षांनंतरचे 'अनप्लग्ड'मधील तेच गाणे लागोपाठ ऐकून पाहावे. गिटारचा कडकडाट गेलेला असतो, आवाजात थकवा उतरलेला असतो. चाल मात्र तीच असते आणि तशीच ताजी असते.